बर्फात ठेवलेलं बोट का जोडता आलं नाही?

प्रश्न : धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. विंचच्या दोरात सापडून त्याची तर्जनी मुळापासून तुटली. तांडेलांनी तुटलेलं बोट लगेच मासळीच्या बर्फात ठेवलं. आठ तासांनी शहरात पोहोचलो, तर प्लास्टिक सर्जन म्हणाले, जोडता येणार नाही. असं का? आणि हाताच्या दुखापतीला प्लास्टिक सर्जन कशाला?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ‘प्लास्टिक’ हा शब्द ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, बादल्यांचं प्लास्टिक नंतरचं. नाक-गाल सुबक करणं हा या शाखेचा एक कोपरा. भाजल्यावर त्वचा लावणं, दुभंगलेला ओठ शिवणं, तंबाखू-मिश्रीच्या कर्करोगात काढलेला जबडा पायाच्या हाडातून पुन्हा घडवणं, हाताच्या नसा आणि स्नायूबंध जोडणं, हे सगळं त्यांचंच काम. बोटातली रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटरची. ती सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवतात.

आठ तास झाले म्हणून नकार मिळाला नसावा. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे नीट थंड ठेवलं तर ते बारा तास, कधी त्याहून जास्तही टिकतं. मनगटापासून हात तुटला तर मात्र घाई फार. खरा घात बहुधा दोराने केला. कोयत्याचा घाव स्वच्छ असतो. दोर ओढून तोडतो, आणि रक्तवाहिनी आतून लांबवर फाटते. शिवायला धड टोकच उरत नाही. शिवाय मोठ्या माणसाची एकटी तर्जनी मुळाशी तुटली असेल, तर जोडूनही ती ताठ राहते आणि कामात आडवी येते. अंगठा किंवा लहान मुलाचं बोट असतं, तर बहुतेक सर्जनांनी प्रयत्न केला असता.

बर्फाचंही चुकलंच. मासळी खायची असते, बोट जगवायचं असतं. बर्फ थेट लागला की पेशी गोठून फुटतात. बोट सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट नुसतं पाण्यात बुडवू नका. कातडीला लटकत असेल तर तोडू नका. जखमेवर स्वच्छ फडकं दाबून हात उंच धरा. जखमीला काही खायला-प्यायला देऊ नका. मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळी, जिथे जाणार तिथे आधी फोन करून सूक्ष्मशल्यक्रियेची सोय आहे का, ते विचारा. नाहीतर दोन रुग्णालयं हिंडण्यातच वेळ जातो.

जोडल्यावरही पहिले काही दिवस धोक्याचे. बोट पांढरं पडलं तर रक्त आत येत नाही, जांभळं झालं तर बाहेर जात नाही. दोन्हीत ताबडतोब सांगायचं. आणि बिडी पूर्ण बंद, कारण निकोटिनने जोडलेली रक्तवाहिनी आकसते.