टाळूतला स्क्रू नाकात जाईल का?

तेरा वर्षांच्या मुलीची आई समुपदेशनाला आली ती दोन प्रश्न घेऊन. मुलीचा वरचा उजवा सुळा टाळूच्या बाजूला हाडात अडकलेला. तो ओढून आणायला आधार म्हणून टाळूत दोन मिनी-स्क्रू बसवायचे ठरले होते. “मॅडम, टाळूच्या वर तर नाकच ना? स्क्रू आरपार गेला तर? आणि दात सरळ करायला थ्रीडी स्कॅन कशाला? एवढ्याशा पोरीला किती रेडिएशन द्यायचं?”

स्कॅनबद्दल आईचं निम्मं बरोबर होतं. तो सगळ्यांना लागत नाही. टाळूवरच्या आडव्या वळ्यांपैकी तिसरीच्या लगेच मागे, मधल्या रेषेपासून सुमारे ३ मिमी बाजूला हाड सहसा चांगलं जाड असतं. टाळूची ठेवण नेहमीची असेल तर डोक्याचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे (‘सेफ’) आणि दातांचा साचा यांवर भागतं. (अगदी मधोमध बसवत नाहीत, कारण या वयात तिथला सांधा पुरता भरलेला नसतो आणि पकड कच्ची राहते.) पण सेफमध्ये उजवी-डावी बाजू एकमेकींवर पडते. सुळ्याचं टोक स्क्रूच्या वाटेत आहे का, हे त्यात कळत नाही. इथे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, हवाच होता, आणि सुळा कुठून बाहेर काढायचा हेही त्याच स्कॅनवर ठरणार होतं.

ओपीजीला, म्हणजे सगळ्या दातांच्या एकत्र सपाट एक्स-रेला, साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) लागतात. छोट्या क्षेत्राच्या सीबीसीटीला मशिननुसार दोन आकडी संख्येपासून शंभराच्या वरपर्यंत. निसर्गातून आपल्याला वर्षाकाठी मिळतात सरासरी २४००. तरी ‘काही होत नाही’ म्हणून सोडायचं नाही. चिठ्ठीवर ‘फक्त वरचा जबडा, लहान मुलांची सेटिंग’ असं लिहून घ्यायचं. पूर्ण कवटीचा स्कॅन इथे नको.

आईला एक गोष्ट करूनच दाखवली: जीभ खाली ठेवून नाकाने श्वास घेत, १०-२० सेकंद न हलता बसणं. जीभ टाळूला चिकटली तर चित्रात जीभ आणि टाळूची त्वचा एकच होते, त्वचेची जाडी मोजता येत नाही. मग स्क्रूची लांबी अंदाजाने ठरते, आणि गडबड होते ती इथेच.

पुढचं काम संगणकावर. दातांचा तोंडातला डिजिटल स्कॅन सीबीसीटीवर बसवतात. दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या धातूमुळे चित्रात भोवती रेघा उठतात, म्हणून जुळवणी दाढांच्या चावायच्या पृष्ठभागावर तपासायची. हाड मोजायचं ते स्क्रू ज्या तिरक्या दिशेने जाणार त्याच रेषेत. सरळ उभं मोजलं की आकडा फसवतो.

डाव्या बाजूला त्वचा १.५ मिमी, हाड ८.१ मिमी. ९ मिमीचा स्क्रू ७.५ मिमी हाडात जाईल, वर ०.६ शिल्लक. उजवीकडे त्याच जागी सुळ्याचं टोक जेमतेम मिलिमीटरभर दूर होतं. स्क्रू ३ मिमी मागे सरकवला. मागे हाड पातळ होत जातं: तिथे ६ मिमी, त्वचा १.७. म्हणून ७ मिमीचा स्क्रू. दोन्हीकडे सारखाच लावला असता तर आईची भीती खरी ठरली असती.

बरं, टोक नाकाच्या तळाशी थोडं गेलंच तर? एखाद-दोन मिलिमीटरचं छिद्र बहुतेक वेळा स्क्रू काढल्यावर आपोआप भरतं. नाकातून रक्त येत राहिलं किंवा पाणी पिताना ते नाकात आलं, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं.

स्क्रू ठरल्या जागी, ठरल्या दिशेने जावा म्हणून दातांवर बसवायचा थ्रीडी छापलेला गाइड हलता कामा नये. स्कॅननंतर तार बदलली असेल तर दात सरकलेले असतात आणि गाइड डुगडुगतो. अशा वेळी तोंडातला स्कॅन पुन्हा घ्यायचा, सीबीसीटी नाही.

त्या पहिल्या भेटीत निघताना आईने पिशवीतून आधीच्या सेंटरमधल्या स्कॅनचे छापील फोटो काढले. “यावर चालेल ना?” कागदावर मोजमाप होत नाही. सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागून घ्या, असं सांगितल्यावर आईने तिथूनच फोन लावला.