सशाच्या पोटातले पाणीदार दाणे

प्रश्न : राऊच्या पुढे आमचं शेत आहे. गेल्या महिन्यात आमच्या मोत्यानं हरभऱ्यातून ससा मारून आणला. सोडवेपर्यंत पोट फाटलं होतं. आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, पण जरा मोठे, पाणीदार दाणे घोसाने लटकलेले. मोत्यानं आतडी खाल्लीसुद्धा. पाच वर्षांचा नातू दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेला असतो. काही धोका?
— एक आजी, इंदूर

उत्तर : ताई, आधी नातवाचं सांगतो. हे दाणे माणसाला बाधत नाहीत. टीनिया पिसिफॉर्मिस नावाच्या पट्टकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची ती पिल्लं. दाण्यातला पांढरा ठिपका म्हणजे त्याचं डोकं. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना एका सशाच्या पोटातून असे साठावर दाणे मी चिमट्यानं काढले होते. यकृतावर पांढऱ्या रेघा होत्या, पिल्लं पोखरत गेल्याच्या.

सशाला हा जंत आपल्या कुत्र्यांकडून किंवा कोल्ह्यांकडून मिळतो. त्यांच्या विष्ठेतली अंडी गवतावर पडतात, ससा ते गवत खातो. असा ससा कुत्र्यानं खाल्ला की दोनेक महिन्यांत त्याच्या आतड्यात मीटरभर लांब कृमी तयार. १८५१ च्या सुमारास क्युखेनमायस्टर या जर्मन डॉक्टरांनी हे दाणे प्राण्यांना खाऊ घालून ते सिद्ध केलं. तोवर दाणा आणि पट्टकृमी हे दोन निराळे जीव समजत.

मोत्याच्या विष्ठेत तांदळासारखे वळवळणारे तुकडे दिसायची वाट बघू नका. प्राझिक्वांटेल द्या, किलोमागे ५ मिलिग्रॅम. वीस किलोच्या कुत्र्याला १०० मिलिग्रॅम. वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या. पायपरेझिनचं पातळ औषध पट्टकृमीवर चालत नाही, आणि घरोघरी नेमकं तेच पाजलं जातं.

मला खरी काळजी वेगळी आहे. मोत्याला खाटकाकडची कच्ची आतडी, फुप्फुसं घालता का? शेळ्यामेंढ्यांच्या त्या अवयवांतून कुत्र्याला दुसरा, जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टकृमी होतो. त्याची अंडी मुलाच्या हातातून तोंडात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ वाढते, कित्येक वर्षं कळतही नाही. म्हणून कच्चं काही घालू नका, आणि कुत्र्याशी खेळून झालं की नातवाचे हात साबणानं धुवा, जेवणाआधी तर नक्कीच.

रानससा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, तेव्हा मोत्याला शेतात मोकळा सोडू नका. तरी कधी असा ससा मिळालाच, तर उकिरड्यावर न टाकता हातभर खोल पुरा. नाहीतर रात्री कोल्हा तो उकरून नेतो.