गोदोमधले ते दोघे खरंच मित्र आहेत का?

सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकातले व्लादिमिर आणि एस्ट्रॅगॉन मित्र की नुसते सवयीनं एकत्र, असं विचारलंय. माझ्या मते मित्रच. पण ते संवादात शोधू नका, तिथं दोघं सारखी वेगळं व्हायचीच भाषा करतात. दुसऱ्या अंकात एस्ट्रॅगॉनला डुलकी लागते, तेव्हा व्लादिमिर स्वतःचा कोट त्याच्या खांद्यावर टाकतो आणि थंडीनं हात हलवत येरझाऱ्या घालतो. टिळकवाडीत तालीम करताना आम्ही हे घाईत उरकायचो. मग एकदा खानापूरच्या बसची वाट बघत स्टँडवर दोघं कुडकुडलो, तेव्हा कुठं कळलं!

नाटकातली दुसरी जोडी म्हणजे मालक पोझो आणि त्याचा गडी लकी; लकीच्या गळ्यात दोरी, तिचं टोक पोझोच्या हातात. त्यांचं नातं मात्र त्या दोरीत बघा. पोझो आंधळा होऊन परत येतो तेव्हा दोरी आखूड झालेली असते. आता कोण कुणाला ओढतंय?