जुन्या रॉक कलाकारांच्या कार्यक्रमांची तिकिटं इतकी महाग का असतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सत्तरी ओलांडलेल्या रॉक कलाकारांच्या कार्यक्रमाला हजारो रुपयांचं तिकीट का लागतं, आणि वडिलांना हे संगीत मनापासून आवडतं तर त्यांच्यासाठी एवढा खर्च करावा का. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, म्हणजे एखाद्या मालाची किंमत कुठून कुठे जाते हे रोज डोळ्यांसमोर असतं. आणि रॉक म्हणाल तर शाळेपासून ऐकतोय, कॅसेटच्या फिती पेन्सिलीने गुंडाळून ऐकलेला माणूस आहे.

पूर्वी तिकीट स्वस्त होतं, कारण कार्यक्रम ही रेकॉर्डची जाहिरात होती. गावोगाव वाजवायचं, त्यात हाती फारसं नाही उरलं तरी चालायचं, कारण दुसऱ्या दिवशी दुकानात रेकॉर्ड खपायची. खरी कमाई तिथे होती. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांना गाणी देण्याची सोय, आणि गाणी फुकट फिरायला लागली. २००२ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी एका मुलाखतीत म्हणाला होता की संगीत आता नळाच्या पाण्यासारखं, विजेसारखं होणार, तेव्हा कलाकारांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी, कारण तेवढीच एक गोष्ट उरणार आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी पुढे हे आकड्यांत मांडलं. १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेतलं सरासरी तिकीट ८२ टक्क्यांनी वाढलं आणि सर्वसाधारण महागाई १७ टक्क्यांनी. रेकॉर्डमधून जो पैसा यायचा तो सगळा बोजा तिकिटावर येऊन पडला.

पण जुन्या मंडळींच्या बाबतीत ही वाढ त्याच्या आधीच सुरू झाली होती. ईगल्स या अमेरिकी बँडचे लोक १९९४ मध्ये चौदा वर्षांनी एकत्र आले तेव्हा त्यांचं तिकीट शंभर डॉलरच्या वर गेलं. त्या वेळी लोक चक्रावले, तरीही मैदानं भरली. कारण सत्तरच्या दशकात कॉलेजात असलेला श्रोता तोवर चाळिशीला आला होता, त्याच्या हाताशी पैसा होता. आज तोच श्रोता निवृत्त झालाय. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडच्या २०२४ च्या अमेरिका दौऱ्याची प्रायोजक कोण होती माहीत आहे? एएआरपी, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांसाठी काम करणारी संस्था.

आता खर्चाची बाजू. माझे वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांच्या उमेदीत एक माणूस जेवढे माग सांभाळायचा, त्याच्या कितीतरी पट माल आज एक कामगार नव्या मागांवर काढतो. म्हणून टॉवेल इतर महागाईच्या मानाने आवाक्यात राहिला. गाण्याचं तसं होत नाही. पाच जणांच्या बँडला सात मिनिटांचं गाणं वाजवायला १९७२ मध्ये पाच माणसं आणि सात मिनिटं लागत होती, आजही तेवढीच लागतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच हे सांगून ठेवलंय की ज्या कामात यंत्र माणसाची जागा घेऊ शकत नाही, ते काम बाकीच्यांच्या तुलनेत महागच होत जाणार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांना समजावून सांगितलं. ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे, गाण्याला कुठं डबल पाळी लावता येते!"

उलट वय वाढलं की पाळ्या कमीच होतात. पंचविशीतला गायक आठवड्यात पाच रात्री गातो. पंचाहत्तरीतल्याचा गळा ते सोसत नाही, दोन कार्यक्रमांच्या मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावे लागतात. त्या दिवसांतही सोबतच्या तंत्रज्ञांचा पगार, हॉटेलं, ट्रक आणि विमानांचं भाडं चालूच असतं. शिवाय कार्यक्रम रद्द झाला तर नुकसान भरून देणारा विमा काढावा लागतो, आणि माणूस जितका वयस्कर तितका हप्ता मोठा. ही भीती उगाच नसते. २०१९ मध्ये रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर याच्या हृदयाच्या झडपेचं काम निघालं आणि स्टोन्सना अख्खा दौरा पुढे ढकलावा लागला. एरोस्मिथ बँडचा गायक स्टीव्हन टायलर याच्या गळ्याला २०२३ मध्ये निरोपाच्या दौऱ्यातच दुखापत झाली आणि पुढच्या वर्षी बँडने दौरे कायमचे थांबवले.

भारतात याच्यावर आणखी तीन-चार थर चढतात, आणि आपल्याला टोचतात ते मुख्यतः हेच. मी २००८ च्या फेब्रुवारीत आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड ऐकायला मुंबईला गेलो होतो, एका मित्राबरोबर, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याची ती पहिलीच रात्र होती. बँड स्वतःच्या बोइंग ७५७ मधून आला होता, अर्ध्या विमानात माणसं आणि अर्ध्यात सामान, आणि ते विमान चालवत होता त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन! सामान आणि माणसं एकाच विमानात बसवल्यामुळे मुंबईसारख्या दूरच्या शहराचा हिशेब जुळवणं सोपं झालं. युरोपात आज इथे, उद्या तिथे, ट्रकने सामान हलवता येतं. आपल्याकडे एक-दोन रात्रींसाठी सगळं उडवत आणायचं.

त्या वेळी डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो पंच्याऐंशीच्या पुढे गेला. या कलाकारांचं मानधन डॉलरमध्ये ठरतं. म्हणजे त्यांनी एक पैसाही वाढवला नसता तरी आपल्यासाठी ते दुपटीवर गेलं असतं. त्यावर परदेशी कलाकाराच्या उत्पन्नावर इथे २० टक्के कर कापला जातो. मोठे कलाकार "कर जाऊन हातात इतके" असाच करार करतात, त्यामुळे तो कर आयोजकाच्या आणि अखेर तिकीट काढणाऱ्याच्या डोक्यावर येतो. पाचशे रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

आणि मैदान. आपल्याकडे मोठ्या कार्यक्रमांसाठी कायमची बांधलेली जागा जवळजवळ नाहीच. क्रिकेटचं नाहीतर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान भाड्याने घ्यायचं आणि तिथे रंगमंच, जनरेटर, कठडे, स्वच्छतागृहं, सगळं शून्यातून उभं करायचं. आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा डोळ्यांसमोर आणा. होम मैदानावर पाळणे उभे करायला किती दिवस जातात! पण यात्रेतला पाळणा पुढे कितीतरी दिवस फिरतो, म्हणून पाळणेवाल्याला तिकीट कमी ठेवणं परवडतं. तोच पाळणा एका संध्याकाळसाठी उभारून दुसऱ्या दिवशी उतरवायचा असता, तर काय तिकीट लावलं असतं त्याने? मैफलीचं गणित तसं आहे.

इथवरचं सगळं मला मान्य आहे. पण ज्या पद्धतीने ही तिकिटं विकली जातात ती मला मान्य नाही, आणि त्याचा मला खरंच राग येतो.

ब्रूस स्प्रिंगस्टीन हा कष्टकऱ्यांची गाणी गाणारा माणूस. २०२२ मध्ये त्याच्या दौऱ्यातली काही तिकिटं मागणीनुसार बदलणाऱ्या दराने विकली गेली आणि पाच हजार डॉलरच्या घरात पोचली. त्याचं म्हणणं असं की काळ्या बाजारवाल्यांना मिळणारे पैसे गाणाऱ्याला का मिळू नयेत. या युक्तिवादात तथ्य आहे. पण मग ज्यांच्यासाठी ती गाणी लिहिली ते कुठे उभे राहणार? २०२४ मध्ये ओअ‍ॅसिस या ब्रिटिश बँडच्या तिकीटविक्रीच्या वेळी लोक तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबले आणि सुमारे १५० पौंडांचं उभं राहायचं तिकीट नंबर येईस्तोवर ३५५ पौंडांना झालं. सगळ्यांना वाटलं संगणकच दर वाढवतोय. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली तेव्हा निघालं ते वेगळंच. स्वस्त तिकिटांचा गठ्ठा आधी विकला, तो संपल्यावर त्याच जागेचा महाग गठ्ठा काढला, आणि रांगेतल्या लोकांना हे सांगितलंच नाही. आम्ही व्यापाऱ्याला टॉवेलचा एक दर सांगून गाडी भरताना दुसरा लावला, तर तो पुन्हा आमच्या दारात उभा राहणार नाही.

हे टाळता येतं, हे द क्युअर बँडच्या रॉबर्ट स्मिथने २०२३ मध्ये दाखवलं. अमेरिकेच्या दौऱ्यात त्याने बदलत्या दराला नकार दिला आणि काही तिकिटं वीस डॉलरला ठेवली. विकणाऱ्या कंपनीने त्यावर वीस डॉलरहून जास्त शुल्क लावलं, तेव्हा त्याने जाहीरपणे संताप व्यक्त केला आणि कंपनीला तिकिटामागे पाच-दहा डॉलर परत द्यावे लागले. कलाकाराने मनावर घेतलं तर बरंच होतं. पर्ल जॅम या अमेरिकी बँडने १९९४ मध्ये याच प्रश्नावर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली होती, पण तेव्हा बाकीचे फारसे कोणी सोबत आले नाहीत.

आपल्याकडे तर कायदाच तोकडा आहे. कोल्डप्ले बँडच्या जानेवारी २०२५ च्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची मूळ तिकिटं २,५०० ते ३५,००० रुपयांची होती आणि बाहेर त्यांना लाखांत भाव सांगितला जात होता. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. न्यायालयाने ती फेटाळली, नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे म्हणून. तो नियम व्हायला हवा, आणि मागणी तुमच्या-माझ्यासारख्यांनीच करायला हवी.

आता तुमच्या वडिलांचं. आधी माझी गोष्ट सांगतो. डीप पर्पल हा ब्रिटिश बँड १९९५ मध्ये मुंबईत आला होता. मी तेव्हा कॉलेजात, खोलीच्या दारावर त्या बँडच्या जॉन लॉर्डचा मासिकातून कापलेला फोटो. तो ऑर्गन वाजवायचा, आणि ऑर्गन इतका जोरकस वाजू शकतो हे मला त्याच्यामुळे कळलं. त्या वर्षी मिलचा पगार वेळेवर येत नव्हता. माझे वडील बिघडलेलं मशीन जसं कसंबसं चालू ठेवायचे, तसाच घरखर्च चालवत होते. मी पैसे मागितलेच नाहीत. पुढच्या वेळी जाऊ म्हणालो. लॉर्डने २००२ मध्ये बँड सोडला आणि २०१२ मध्ये तो गेला. आयर्न मेडनला मी गेलो त्याचं निम्मं कारण हे होतं.

तेव्हा काढा तिकीट. कर्ज मात्र काढू नका, आणि अधिकृत ठिकाण सोडून कुणाकडूनही घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा निघो. वडिलांना आधी विचारलंत तर ते नकोच म्हणतील, आमच्या पिढीला ती सवय आहे. रंगमंचाजवळच्या उभ्या तिकिटाचा मोह सोडा, मागची का होईना पण बसायची जागा घ्या. चार-पाच तास उभं राहिलं की त्या वयात गाण्याऐवजी गुडघेच आठवतात. आणि परतीचं आरक्षण दुसऱ्या दिवशीचं करा. मोकळ्या मैदानात रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, पण गर्दीतून बाहेर पडून सीएसएमटीपर्यंत पोचेस्तोवर सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटलेली असते.