‘स्वभावाला औषध नाही’ म्हणतात, मग माणूस बदलूच शकत नाही का?

बदलू शकतो, पण सावकाश. आणि आपल्या लोकांचं मतही तुम्हाला वाटतं तितकं ठाम नाही. बडोद्यात आमच्या मराठी घरांत ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ म्हणतात, शेजारच्या गुजराती काकी तेच ‘प्राण ने प्रकृति साथे जाय’ असं म्हणतात. पण या म्हणी कधी तोंडात येतात ते बघा: कोणी तीच चूक पुन्हा केली की, चिडून. मुलांना झोपवताना मात्र आपण वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट सांगतो. इथल्याच सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. माणूस घडवता येतो यावर विश्वास नसता, तर एवढा खर्च कोणी केला असता? मानसशास्त्राचा अभ्यासही हेच दाखवतो: तरुणपणापासून मध्यम वयापर्यंत बहुतेकांची शिस्त आणि मनाचं स्थैर्य वाढत जातं. एवढं खरं, की मूळ कल पुसला जात नाही. बुजरा मुलगा पुढे सभेत बोलू लागतो, तरी चार भावंडांत सहसा तोच गप्प असतो.