‘सर हॅव कम’ आणि ‘यू’च्या पोटातला ‘तुम्ही’

प्रश्न असा आहे: मराठीत आपण ‘सर आले आहेत’ म्हणतो. मग इंग्रजीत ‘सर हॅज कम’ म्हटलं की सरांना अरे-तुरे केल्यासारखं वाटतं. आदरासाठी ‘सर हॅव कम’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘माय फादर हॅव टोल्ड मी’, ‘मॅडम हॅव गॉन’ ही वाक्यं एरवी चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकून माझे कान किटले आहेत. इंग्रजीत तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना क्रियापद माणसं मोजतं, मान मोजत नाही. सर एक, म्हणून ‘हॅज’. राणीसुद्धा एक, म्हणून ‘द क्वीन हॅज’. ‘त्याने पत्रं लिहिली’ याचं ‘ही हॅव रिटन लेटर्स’ होतं, तिथेही मला मराठीचाच हात दिसतो. आपलं ‘लिहिली’ पत्रांच्या मागे जातं, इंग्रजी क्रियापद कर्त्याचा हात सोडत नाही.

पण यावर अनेक शिक्षक एक पुस्ती जोडतात, की इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नसतंच. हे मला साफ अमान्य आहे. समोर एकच माणूस असताना आपण ‘यू आर’ म्हणतो, ‘यू इज’ का म्हणत नाही? ‘अपवाद आहे, पाठ करा’ असं शाळेत सांगतात. अपवाद कसला? ‘यू’ मुळात अनेकवचनच आहे!

एकट्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द होता, ‘दाउ’. तो आपला ‘तू’. त्याचं क्रियापदही वेगळं: ‘दाउ आर्ट’, तू आहेस. अनेकांसाठी ‘यी’. साधारण १३व्या शतकापासून, फ्रेंच ‘व्हू’च्या वळणावर, मोठ्या माणसाला एकटा असला तरी अनेकवचनात संबोधायची रीत इंग्रजीत शिरली. हुबेहूब आपलं ‘तुम्ही’. पुढे ही रीत खालपर्यंत झिरपली, ‘दाउ’ म्हणणं उद्धटपणाचं वाटू लागलं आणि १७व्या शतकात प्रमाण बोलीतून तो जवळजवळ हद्दपार झाला. ‘तुम्ही’ने ‘तू’ला गिळलं, पण क्रियापद मात्र ‘आहात’च राहिलं. ते ‘आर’ म्हणजे गोठलेला आदर आहे, असं मी गेली कित्येक वर्षं मानत आलो आहे.

याहून मला आवडणारी गोष्ट पुढेच आहे. ‘यू’ हे कर्त्याचं रूपसुद्धा नव्हतं! कर्ता ‘यी’ आणि कर्म ‘यू’, म्हणजे ‘तुम्हांला’. १६११च्या किंग जेम्स बायबलात योहानाच्या शुभवर्तमानातलं हे वाक्य पाहा: ‘यी शॅल नो द ट्रूथ, अँड द ट्रूथ शॅल मेक यू फ्री.’ तुम्ही सत्य जाणाल आणि सत्य तुम्हांला मुक्त करील. एकाच वाक्यात दोन्ही रूपं आपापल्या जागी चोख बसली आहेत. नंतर ‘यू’ने ‘यी’ची जागाही बळकावली. तेव्हा आजचं ‘यू आर’ मुळाबरहुकूम मराठीत आणायचं तर ‘तुम्हांला आहात’ असं होईल.

१७व्या शतकातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मात्र एकट्याला ‘यू’ म्हणायला ठाम नकार दिला. एकाला अनेक म्हणणं त्यांना असत्य आणि खुशामत वाटे, म्हणून न्यायाधीशालाही ते ‘दाउ’च म्हणत आणि त्याचा रोष ओढवून घेत. मतभेद असला तरी वचनासाठी एवढं सोसणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

इंग्रज व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांच्याबद्दल तसं म्हणवत नाही. १८व्या शतकात बरेच चांगले लेखक एकट्याला ‘यू वॉज’ आणि अनेकांना ‘यू वर’ लिहीत होते. हरवलेला एक-अनेक भेद भाषा स्वतःच भरून काढत होती. लाउथ यांनी १७६२च्या व्याकरणात ‘यू वॉज’ला घोडचूक ठरवलं. ‘यू’ अनेकवचनी हे त्यांचं म्हणणं इतिहास म्हणून बरोबरच होतं, पण चालू भाषा कशासाठी धडपडते आहे हे त्यांनी पाहिलंच नाही. ‘यू वॉज’ तेव्हापासून अशुद्धाच्या खात्यात गेलं ते गेलंच. आज तो भेद क्रियापदात सापडत नाही, ‘युवरसेल्फ’ आणि ‘युवरसेल्व्ह्ज’ या जोडीत मात्र अजून शाबूत आहे.

एकाच व्यक्तीसाठी ‘दे आर’ वापरणं व्याकरणाचा खून आहे असं म्हणणाऱ्यांनाही मी ‘यू आर’च दाखवतो. एका माणसाला अनेकवचनी क्रियापद लावायला इंग्रजी शेकडो वर्षांपूर्वीच शिकली आहे.

सर मात्र ‘हॅज कम’च.