परवडतो, पण हातात मावतो का?

प्रश्न : मी ५२ वर्षांची असून मुलुंडला राहते आणि नोकरीसाठी रोज लोकलने फोर्टला जाते. सहा वर्षांनी नवा फोन घ्यायचा आहे. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ मी दुकानात हाताळून पाहिला आणि तो मला मनापासून आवडला. परंतु ‘एवढे पैसे घालतेच आहेस, तर सरळ त्यातला मोठा एस२५ अल्ट्रा घे’ असा माझ्या लेकाचा आग्रह आहे आणि वरची रक्कम तो स्वतः द्यायला तयार आहे. मोठा फोन धरला की माझी करंगळी दुखते, हे कारण त्याला पटत नाही. लहान फोन घेऊन मी काही गमावते आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, करंगळी दुखणे हे किरकोळ कारण नाही, फोन निवडताना त्याचा विचार कॅमेऱ्याच्याही आधी व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेरा दिवसातून चार-पाच वेळा उघडला जातो, फोन मात्र शेकडो वेळा हातात घेतला जातो.

आधी लेकाची शंका दूर करू. हे दोन्ही फोन जानेवारी २०२५ मध्ये एकाच वेळी जाहीर झाले. दोन्हींत प्रोसेसर, म्हणजे फोनचा मेंदू, तोच आहे, रॅम (चालू कामांसाठीची मेमरी) १२ जीबीच आहे आणि सॉफ्टवेअरच्या सुधारणा सात वर्षे देण्याचे कंपनीचे आश्वासनही दोन्हींना सारखेच लागू आहे. त्यामुळे लहान फोन लवकर जुना होईल किंवा अडखळत चालेल, ही भीती मनातून काढून टाका. २५६ जीबी साठवणुकीच्या फोनची किंमत बाजारात आली तेव्हा एस२५ साठी ८०,९९९ रुपये आणि अल्ट्रासाठी १,२९,९९९ रुपये होती. म्हणजे फरक ४९,००० रुपयांचा.

या रकमेत ६.२ ऐवजी ६.९ इंचांचा पडदा मिळतो, ४००० ऐवजी ५००० एमएएचची बॅटरी आणि अधिक वेगाने होणारे चार्जिंग मिळते, लिहिण्यासाठी पेन मिळते आणि दूरचे टिपणारी पाचपट झूमची जादा लेन्स मिळते. शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्याने यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी पैसे जरूर मोजावेत. जेट्टीवरून चिखलातले पक्षी फार लांब असतात आणि तिथे लहान फोनची तीनपट झूम तोकडी पडते. घरातले वाढदिवस, कागदपत्रांचे फोटो आणि नात्यातली लग्ने एवढ्यासाठी मात्र तो फरक तुम्हाला शोधावा लागेल.

आता हाताचे पाहू. पडद्याचा आकार एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात आणि आपली फसगत तिथेच होते. २०१७ च्या आयफोन ८ प्लसचा पडदा ५.५ इंचांचा होता आणि २०२१ च्या आयफोन १३ मिनीचा ५.४ इंचांचा. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखे. पण पहिल्याची रुंदी ७८ मिलिमीटर होती, तर दुसऱ्याची ६४. पडद्याभोवतीच्या पट्ट्या नाहीशा झाल्या आणि पडदा उंच व निमुळता झाला, म्हणून हे घडले. मूठ फोनच्या रुंदीवरून वळते, तेव्हा दुकानदाराला इंच विचारण्याआधी रुंदी आणि वजन विचारा. एस२५ ची रुंदी ७०.५ मिलिमीटर आणि वजन १६२ ग्रॅम आहे. अल्ट्राची रुंदी ७७.६ मिलिमीटर आणि वजन २१८ ग्रॅम. त्यावर जाडसर कव्हर आणि काच चढवली की अल्ट्रा पाव किलोच्या घरात जातो.

सात मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण घाटकोपरच्या पुढे डब्यातल्या हलत्या गर्दीत त्यांचा हिशेब वेगळा होतो. एक हात वरच्या कडीला, खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात फोन. तीन बोटे मागे, खालची कड करंगळीवर टेकलेली आणि अंगठा वरच्या कोपऱ्यातल्या ‘मागे जा’च्या बाणाकडे निघालेला. फोन रुंद असेल तर अंगठा तिथे पोहोचत नाही, म्हणून आपण नकळत फोन तळव्यात सरकवतो. त्या क्षणी पकड सुटलेली असते आणि सगळे वजन एकट्या करंगळीवर येते. माझा जुना मोठा फोन अशाच एका सरकवण्यात कुर्ल्याच्या फलाटावर पडला आणि त्याचा पडदा बदलण्याचा खर्च ऐकून मी तो तसाच तडा गेलेला दोन महिने वापरला. तेव्हापासून मी लहान फोनकडे वळलो आणि परत गेलो नाही. दारात उभे राहून फोन पाहणाऱ्यांच्या हातावर फटका मारून तो पाडणाऱ्या टोळ्या आपल्या रेल्वेमार्गांवर आहेतच. फोन कोणताही असो, दाराजवळ तो पर्समध्येच ठेवा.

लेकाच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली बॅटरीची. मोठ्या फोनची बॅटरी सव्वापट आहे. मोठा पडदा वीजही जास्त खातो, म्हणून तो सव्वापट वेळ चालेल असे नाही, पण काहीसा जास्त चालेल हे नक्की. धावत्या गाडीत फोन सतत एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात राहतो आणि त्यातही बॅटरी उतरते. मुलुंड ते फोर्ट येता-जाता व्हिडिओ पाहण्याची सवय असेल, तर लहान फोनला कचेरीत दुपारी अर्धा तास चार्जरला लावण्याची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट डोळ्यांची, आणि माझ्या मते तुमच्या निर्णयात विचार करण्याजोगी खरी गोष्ट हीच आहे. पन्नाशीनंतर चाळिशीचा चष्मा सगळ्यांच्याच पर्समध्ये असतो, पण उभ्याने प्रवास करताना तो काढणे होत नाही. त्यात देवनागरी वाचायला रोमनपेक्षा जास्त जागा लागते. वर अनुस्वार आणि रफार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये जोडाक्षरे. अक्षर बारीक झाले की ‘कृ’ आणि ‘कु’ यांतला फरक पुसला जातो. लहान फोनवर अक्षरे मोठी करता येतात, मात्र मग एका ओळीत तीन-चार शब्दच मावतात आणि पान सारखे सरकवावे लागते. तुम्ही फोनवर प्रामुख्याने निरोप, तिकीट, बँकेचे व्यवहार आणि बातम्यांचे मथळे वाचत असाल, तर हे सहज चालून जाईल. रोज तास-दोन तास पुस्तके किंवा दिवाळी अंक फोनवरच वाचत असाल, तर लेकाचे म्हणणे बरोबर ठरते.

याचा निकाल दुकानातच लावता येतो. दोन्ही फोनवर एखाद्या मराठी वृत्तपत्राचे पान उघडा, चष्मा उतरवा आणि सेटिंगमध्ये अक्षर आपल्याला सुखाने वाचता येईल इतके मोठे करा. मग खांद्यावर पर्स घेऊन उभ्या राहा, दुसरा हात वर धरा आणि एका हाताने तीच बातमी शेवटपर्यंत वाचा. पाच मिनिटे तरी वाचा, कारण करंगळी पहिल्या मिनिटात तक्रार करत नाही. लेकालाही सोबत न्या आणि हे त्याच्यासमोर करा. पाचव्या मिनिटालाही लहान फोन हातात सुखाचा वाटला, तर तोच घ्या. वाचलेल्या रकमेतून त्याच्याकडून चांगली पॉवर बँक मात्र जरूर घ्या. त्याला आईसाठी काही करायचेच आहे, तर ते उपयोगी पडेल असे असावे.

प्रश्न : मला खरोखरीचा लहान फोन हवा आहे. आयफोन १३ मिनी जुना विकत घ्यावा का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : अॅपलने मिनी फोन २०२० आणि २०२१ अशी दोनच वर्षे आणले आणि २०२३ मध्ये त्यांची विक्रीही बंद केली, त्यामुळे तुमच्यापुढे जुना फोन घेण्यावाचून फारसा मार्ग नाही, हे खरे. १४१ ग्रॅमचा हा फोन शर्टाच्या खिशात जाणवतही नाही. मात्र त्याची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरेल, अशाच हिशेबाने बनवलेली आहे, आणि मुळात ती लहान. सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता पाहा आणि ती ८०च्या आसपास असेल, तर नवी बॅटरी टाकण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. विक्रेत्याने त्याचे अॅपलचे खाते तुमच्यासमोर फोनमधून काढलेच पाहिजे, नाहीतर फोन तुमच्या हातात असूनही त्याच्याच नावावर अडकून राहील. मूळ बिल घ्या. *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो क्रमांक असा संदेश सरकारच्या १४४२२ या क्रमांकावर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल, तर पैसे देण्याआधीच ते उत्तरात कळेल.